चटका लोणारचा

एक कबुली आधीच देऊन टाकते. दर आठवड्याला या पानावर तुम्हाला शहाणपण शिकवणारी मी, मोटरसायकलवरून कोणत्या बाजूने उतरायचं हे मात्र अजून शिकलेली नाही.

मार्चमधला वीकएंड होता. मी आणि माझी आयटीवाली मैत्रीण, दोघींच्याही डोक्याला डेडलाईन्सचा सॉलिड शॉट लागलेला. तिच्या भावाची बाईक छत्रपती संभाजीनगरला रिकामी उभी होती. मग काय, पहाटे निघालो. जालना, सिंदखेडराजा, सुलतानपूर असं करत दीडेकशे किलोमीटर कापून दहा-साडेदहाला लोणारमध्ये पोचलो. चहाची टपरी दिसली, गाडी थांबली आणि मी घाईघाईत उजव्या बाजूने उतरले. तीच बाजू सायलेन्सरची! थ्री-फोर्थ घातलेली, त्यामुळे उजव्या पोटरीची आतली बाजू थेट त्या तापलेल्या नळीवर. ‘चर्रर्र’ असा आवाज आला की मला तसा भास झाला, आठवत नाही. ओरडले मात्र जाम.

टपरीवाल्या मावशी धावत बाहेर आल्या. “अव माय व! पोयलं का व पोरी?” वऱ्हाडात ‘ळ’चा ‘य’ होतो. पोळलं म्हणजे पोयलं. पाच रुपयांच्या नाण्याएवढा चट्टा उठला होता. तोवर तिथे चार-पाच माणसं जमली आणि सूचनांचा पाऊस सुरू झाला. एक म्हणाला टूथपेस्ट लावा. दुसऱ्याने पानाच्या डबीतला चुना पुढे केला. तिसऱ्याचं मत बटाटा किसून लावायचं. आयटीवाली ‘बर्फ कुठे मिळेल?’ असं विचारत रस्त्यापलीकडे पळत सुटली.

टूथपेस्टची गोष्ट

मी मावशींना म्हटलं, “मावशी, फक्त पाणी द्या. बादलीभर.”

हे शहाणपण पुस्तकातून आलेलं नाही, ते माझ्या डाव्या मनगटावर लिहिलेलं आहे. कॉलेजात असताना हॉस्टेलच्या रूमवर चोरून मॅगी करताना उकळतं पाणी मनगटावर सांडलं होतं. रूममेट्सनी प्रेमाने आधी बर्फ चोळला, मग पांढरी टूथपेस्ट थापली. गार वाटलं, म्हणून मी तशीच झोपले. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेले तेव्हा डॉक्टरांना जखम बघायची होती आणि जखमेवर वाळून कडक झालेली पेस्ट होती. ती भिजवून, पुसून, खरवडून काढताना जे दुखलं, त्यापुढे मूळचं भाजणं काहीच नव्हतं. पेस्टबरोबर फोडाची कातडीही निघाली, मग जखम चिघळली. बोटभर लांबीचा तो डाग आजही घड्याळाखाली लपवावा लागतो. गंमत म्हणजे, डॉक्टर म्हणाले होते की मूळ भाजणं किरकोळ होतं. डाग राहिला तो आमच्या उपचारांमुळे.

म्हणून लोणारच्या त्या टपरीवर मी पाण्यासाठी अडून बसले.

वीस मिनिटं!

किरकोळ भाजल्यावर करायची पहिली गोष्ट एकच: गार, वाहत्या पाण्याखाली पूर्ण वीस मिनिटं. दोन मिनिटं नाही, ‘बरं वाटेपर्यंत’ नाही. वीस म्हणजे वीस.

इतका वेळ का? गॅस बंद केला तरी तवा लगेच थंड होत नाही, तसंच कातडीचं आहे. चटका क्षणभराचा असतो, पण आत शिरलेली उष्णता नंतरही काम करत राहते. मधोमध कातडीचा जो भाग गेला तो गेला. पण त्याच्या आजूबाजूला एक पट्टा असतो, धड मेलेला नाही आणि धड जिवंतही नाही. पाणी त्या पट्ट्याला वाचवतं. भाजल्यानंतर तीन तासांपर्यंत पाण्याचा उपयोग होतो, पण जितकं लवकर तितकं बेस्ट.

बर्फ का नको? कारण बर्फाने रक्तवाहिन्या आकसतात आणि ज्या पट्ट्याला वाचवायचं, त्याचाच रक्तपुरवठा कमी होतो. वर बर्फाचा स्वतःचा चटका बसतो तो वेगळाच.

आता खरी अडचण. हा बुलढाणा जिल्हा. उन्हाळा लागला की इथल्या कितीतरी गावांत टँकरची वाट बघत दिवस जातो. अशा ठिकाणी वीस मिनिटं पाणी सोडून द्यायचं? मला मागायलाच लाज वाटली. मावशींनीच मार्ग काढला. माठातलं पाणी बादलीत ओतलं आणि म्हणाल्या, “पाय बुडवून बस.” नळाची धार नसेल तर हा अगदी योग्य पर्याय आहे. भाग बुडवून ठेवता येत नसेल तर स्वच्छ कापड भिजवून ठेवायचं आणि ते गरम झालं की पुन्हा भिजवायचं. माठातलं पाणी तर आयडियल, गार पण बर्फासारखं नाही. मोबाईलवर टायमर लावून बसले. वीस मिनिटांनी मावशींनी ते पाणी दारातल्या कडुनिंबाला घातलं. एक थेंब वाया नाही.

बसल्या बसल्या मी पैंजण काढून ठेवलं. हेही लक्षात ठेवा. भाजलेला भाग सुजतो, म्हणून अंगठी, बांगडी, घड्याळ, पैंजण, घट्ट सॉक्स आधीच काढायचे. कापड कातडीला चिकटलं असेल तर मात्र ओढायचं नाही.

मग जखमेवर स्वच्छ, धुतलेला कॉटनचा रुमाल सैलसर बांधला. घरी असाल तर किचनमधली पातळ पारदर्शक प्लास्टिक फिल्म उत्तम. ती चिकटत नाही, आणि जखम झाकलेली राहून दिसतेही. फक्त ती आडवी ठेवायची, पायाभोवती गुंडाळून आवळायची नाही. कापूस नको, त्याचे तंतू जखमेत अडकतात. दुखत असेल तर नेहमीची पॅरासिटामॉल, पाकिटावर लिहिलेल्या मात्रेत.

चुना, सोडा आणि साबण

तो चुन्याची डबी पुढे करणारा माणूस मनातून जाईना, कारण आम्ही उभे होतो लोणारला.

लोणारचं सरोवर म्हणजे बेसॉल्टच्या काळ्या खडकात उल्का आदळून झालेला सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा. १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. पुढे कित्येक वर्षं हा खड्डा ज्वालामुखीचा की उल्केचा यावर वाद झाला, पण आघाताने वितळलेला, काचेसारखा झालेला खडक सापडला आणि वाद मिटला. थोडक्यात, इथे जमीनच भाजून निघाली होती. आतलं पाणी खारं आणि अल्कधर्मी. त्याचा पीएच वर्षानुवर्षं १० च्या आसपास मोजला गेला आहे. इथला सोडा पूर्वी साबणासाठी वापरत. असं पाणी हाताला बुळबुळीत लागतं, कारण अल्कली आपल्या कातडीवरच्या तेलाचाच साबण करायला घेते.

चुन्याचं तेच, फक्त कितीतरी जास्त जोरात. अल्कलीने होणारं भाजणं फसवं असतं. सुरुवातीला फारसं दुखत नाही, पण ती आत आत शिरत राहते. त्यामुळे भाजल्यावर चुना लावणं म्हणजे एका चटक्यावर दुसरा चटका. आणि हा फंडा फक्त पानाच्या टपरीपुरता नाही. बेसिन तुंबलं म्हणून ओतायची पावडर, बाथरूम क्लीनर, जास्त वेळ ठेवलेलं हेअर रिमूव्हल क्रीम, यांचा चटका बसला तर आधी कोरडी पावडर झटका, मग भरपूर वाहतं पाणी, वीस मिनिटांपेक्षाही जास्त वेळ. आणि नंतर डॉक्टर, जखम छोटी दिसत असली तरी.

‘आपल्याला कुठला आलाय सनबर्न!’

माझा पाय असा, म्हणून खाली सरोवरात उतरायचा बेत मी रद्द केला. गावातल्या दैत्यसूदन मंदिराच्या सावलीत कोरीव काम बघत बसले. आयटीवाली मात्र स्लीव्हलेस टॉपमध्ये, भर अकरा वाजता विवरात उतरली. सनस्क्रीन पुढे केलं तर म्हणाली, “अगं, मी काय गोरी आहे? सनबर्न गोऱ्यांना होतो. आपली देशी कातडी!”

तीन वाजता परतली ती एकदम खुशीत. मोर दिसले, फोटो धम्माल आले. संध्याकाळी सात वाजता लॉजवर ती म्हणाली, “खांद्यावर काहीतरी खेचल्यासारखं होतंय.” मी बघितलं. लाल? छे, लालबिल काही नाही. तिचा रंग सावळा, थोडी जास्त काळवंडलेली, एवढंच. म्हटलं, थांब. हाताची मागची बाजू तिच्या खांद्याला लावली, मग टॉपच्या आतल्या, झाकलेल्या पाठीला लावली. फरक लगेच कळला. खांदा भाकरीच्या तव्यासारखा तापलेला, पाठ गार.

आपण इथेच गंडतो. ‘कातडी लाल होते’ हे वाक्य ज्या पुस्तकांत पहिल्यांदा लिहिलं गेलं, ती पुस्तकं गोऱ्या कातडीवरून लिहिलेली. सावळ्या रंगावर लाली दिसेलच असं नाही. ती जांभळट, करडी किंवा नुसतीच गडद दिसते, किंवा दिसतच नाही. म्हणून आपल्यासाठी नियम वेगळा: रंग बघू नका, हात लावून बघा. गरम लागतंय? ताणल्यासारखं होतंय? बॅगेचा पट्टा टोचतोय? शॉवरचं कोमट पाणीही झोंबतंय? मग ते भाजणंच आहे. मेलॅनिनमुळे आपल्याला थोडं संरक्षण मिळतं हे खरं, पण ‘थोडं’ म्हणजे ‘पूर्ण’ नव्हे.

सनबर्नचा दुसरा खोडसाळपणा म्हणजे तो उशिरा येतो. सायलेन्सर लगेच ओरडायला लावतो. ऊन मात्र तीन ते पाच तास गप्प बसतं, आणि त्रास सगळ्यात जास्त होतो तो बारा ते चोवीस तासांनी. म्हणजे तुम्ही ट्रिपहून घरी येऊन, जेवून, झोपल्यानंतर. तोपर्यंत ‘मला काही झालं नाही’ असं सगळ्यांना सांगून झालेलं असतं.

तिच्यासाठी केलेले उपाय साधेच. गार पाण्याने अंघोळ, ओल्या अंगावर साधं, वास नसलेलं मॉइश्चरायझर, ढगळ कॉटनचा टी-शर्ट आणि रात्रभरात दोन लिटर पाणी. कोरफडीचं साधं जेल किंवा कॅलामाईनही चालतं. तूप, खोबरेल तेल, व्हॅसलीन गरम कातडीवर लगेच नको, आतली उष्णता आतच अडकते. थंडी वाजून ताप आला असता, उलट्या, गरगरणं किंवा मोठाले फोड आले असते, तर रात्रीच डॉक्टर गाठायचा असं आम्ही ठरवून ठेवलं होतं. ती वेळ आली नाही. पण रात्री दोनला ती उठून बसली आणि हळूच म्हणाली, “पालथं झोपूनसुद्धा दुखतंय गं.” हसू आलं नाही. ती रडत होती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा

रविवारी सकाळी दोघींनी एकमेकींची तपासणी केली. तिचे खांदे दुखरे, पण फोड नाहीत. हे पहिल्या पायरीचं भाजणं: फक्त वरचा थर, तीन-चार दिवसांत बरं होणारं, नंतर पापुद्रे सुटणारं. माझ्या पोटरीवर मात्र रात्रीतून पाणीदार फोड आला होता. ही दुसरी पायरी: खालच्या थरापर्यंत पोचलेलं. आदल्या दिवशी मी दोन्हींना एकच समजले असते. भाजणं किती खोल आहे हे पहिल्या तासात नीट कळत नाही, पुढच्या दोन-तीन दिवसांत ते उघड होतं. म्हणून दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा बघायचंच.

आणि इथे एक उलटं गणित आहे. दुखतंय ही चांगली बातमी. भाजलेला भाग पांढरट, चामड्यासारखा किंवा काळा पडला असेल आणि तिथे दुखतच नसेल, तर खुश होऊ नका. तिथल्या नसाही जळाल्यात. ही तिसरी पायरी, थेट हॉस्पिटल. सायलेन्सर, इस्त्री, हेअर स्ट्रेटनर यांचे चटके आकाराने छोटे पण कधीकधी चांगलेच खोल असतात. त्यामुळे ‘नाण्याएवढंच तर आहे’ म्हणून सोडून देऊ नका.

फोड फोडायचा नाही. ती कातडी म्हणजे शरीराने स्वतः बनवलेलं ड्रेसिंग. फुटलाच तर पाणी आणि सौम्य साबणाने हलकेच धुऊन, न चिकटणारं ड्रेसिंग. कातडी उघडी पडली असेल आणि धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं हे आठवत नसेल, तर डॉक्टरांना विचारा. मी सोमवारी जाऊन घेतलं.

मग बटाटा अगदीच टाकाऊ?

‘आजीचे सगळे उपाय फालतू’ असं म्हणायला मी तयार नाही, कारण आपल्याच महाराष्ट्रातल्या डॉक्टरांनी ते गंभीरपणे तपासलेत. मुंबईच्या वाडिया बालरुग्णालयातले डॉ. एम. एच. केसवानी यांनी १९८५ मध्ये उकडलेल्या बटाट्याच्या सालींचं ड्रेसिंग भाजलेल्या जखमांवर वापरल्याचा अहवाल प्रसिद्ध केला. सोलापूरचे डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी १९९१ मध्ये १०४ रुग्णांवर मधाच्या ड्रेसिंगची तुलना नेहमीच्या मलमाशी केली आणि मध चांगला ठरला. सायन हॉस्पिटलच्या डॉ. माधुरी गोरे यांनी २००३ मध्ये केळीच्या पानाच्या ड्रेसिंगवर लिहिलं. महागडी ड्रेसिंग्ज परवडत नाहीत अशा देशात हे फार मोलाचं काम आहे.

पण नीट बघा. ती उकडलेली साल होती, किसलेला कच्चा बटाटा नव्हे. सगळं निर्जंतुक केलेलं, जखम साफ केल्यानंतर, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. साल आणि पान यांचं काम एकच: जखम झाकायची, ओलसर ठेवायची, चिकटायचं नाही. ओट्यावरचा बटाटा आणि बरणीतला मध यांना हे सर्टिफिकेट लागू होत नाही. आजीचा अंदाज बरोबर होता, आपली पद्धत चुकते.

परतीचा चहा

निघताना त्याच टपरीवर थांबलो. यावेळी मी डाव्या बाजूने उतरले, हे मुद्दाम सांगते. आयटीवालीने मार्चच्या उन्हात फुल शर्ट, स्कार्फ आणि दोन बोटांभर सनस्क्रीन असा जामानिमा केला होता. दर दोन तासांनी गाडी थांबवून पुन्हा लावत होती, तेही मी न सांगता.

मावशींनी पाय बघितला. “काहीच लावलं नाही?”

“नाही मावशी. तुमचं माठातलं पाणी, तेवढंच.”

मावशी जरा वेळ विचारात पडल्या. मग म्हणाल्या, “मंग पाण्यानंच भागलं म्हना!”

भागलं. पंधराव्या दिवशी पोटरी बरी झाली. गडद डाग आहे, आपल्या रंगाच्या कातडीवर तो काही महिने राहतो. उन्हात जाताना त्यावरही सनस्क्रीन लावते, म्हणजे आणखी काळा पडणार नाही. मनगटावरचा मात्र तसाच आहे. दोन्ही चटके माझेच, दोन्ही तसे किरकोळ. फरक फक्त वीस मिनिटांचा.

चौकट: फ्रीजवर चिकटवा

• गार पाणी, वीस मिनिटं. बर्फ नाही.
• अंगठी, घड्याळ, पैंजण लगेच काढा.
• टूथपेस्ट, चुना, शाई, हळद, तूप, कच्चा बटाटा यातलं काहीही नाही.
• स्वच्छ, न चिकटणारं, सैल आवरण. फोड फोडू नका.
• सावळ्या कातडीवर लाली शोधू नका. गरम लागतं का, दुखतं का ते बघा.
• दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा तपासा.
• डॉक्टरांकडे लगेच जा: भाजलेला भाग बोटांसह तुमच्या तळहातापेक्षा मोठा असेल, चेहरा, हात, पाऊल, सांधा किंवा गुप्तांगावर असेल, विजेने किंवा केमिकलने भाजलं असेल, भाग पांढरा आणि बधिर असेल, किंवा भाजलेली व्यक्ती लहान मूल, वृद्ध, गरोदर किंवा मधुमेही असेल.
• नंतर पू, वाढती सूज, ताप दिसला किंवा दोन आठवड्यांत जखम भरली नाही, तरीही डॉक्टर.
• मोठं भाजलं तर वाट बघू नका, १०८ ला फोन करा.